जुनी पंपाची छऱ्याची बंदूक : वायसर कुठला, तेल कुठलं?

मिलवॉकीकर
मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे स्टोव्हपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं खोलून बसलेली माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

शेजारचे आजोबा थंडीत गेले. त्यांच्या मुलीने गॅरेज आवरताना "तुला जुन्या वस्तू आवडतात ना?" म्हणत छऱ्याची बंदूक हातात ठेवली. शेरिडन ब्लू स्ट्रीक, .२० म्हणजे ५ मिलिमीटर. दस्ता अक्रोडाचा. नळीखालचा लाकडी हात उघडून मिटला की एक पंप. असे ३ ते ८ मारायचे, एक छर्रा भरायचा, बोल्ट लावायचा. कारखाना इथून पाऊण तासावर रेसीनला होता. पुढे १९७७ मध्ये बेंजामिनवाल्यांनी शेरिडन घेतली आणि १९९२ मध्ये क्रॉसमनने बेंजामिन. माझ्याकडच्या बंदुकीची सेफ्टी अंगठ्याने दाबून धरायची जुन्या पद्धतीची आहे, म्हणजे साठीच्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असावी.

रोग असा : ८ पंप मारले तरी छर्रा नळीतून घरंगळत बाहेर येतो. हाताला जोरच लागत नाही. मी शहाणपणा करून गंज सोडवायचा स्प्रे आत मारला. दोन दिवस बरी चालली, आता पहिल्यापेक्षा वाईट.

सील बदलायचे की नुसतं तेल पुरेल? आणि तेल कुठलं? दुकानदार म्हणतो सिलिकॉन, व्हिडिओवाला म्हणतो इंजिन ऑइल, ऑफिसातला एक म्हणतो गाडीच्या गिअरबॉक्सचं लाल तेल. तिघेही छातीठोकपणे.

खटपट्या
तो स्प्रे आधी कपाटात टाक आणि कुलूप लाव. बाकी रात्री लिहितो.

बाकावरचा
आठ पंप मारून एक छर्रा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा बरंच आहे, तिथे आठ तास बोलून छर्रासुद्धा निघत नाही.

निलाक्षी
तांत्रिक प्रश्न छान आहे, पण ती दुरुस्त करून मारणार काय? आमच्या गावात छऱ्याची बंदूक म्हटलं की पोरं आधी होला आणि बुलबुल शोधायची. लहानपणी पाहिलेलं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मिलवॉकीकर
निलाक्षीताई, टोमॅटोचे रिकामे डबे. मागच्या अंगणात खारी भरपूर आहेत, पण त्यांच्याशी माझं भांडण फक्त ट्युलिपच्या कंदांवरून आहे आणि ते तोंडीच चालतं.

वाडीवरचा
मिलवॉकीकर, तेलाच्या बाबतीत माझा अनुभव ऐका. आमच्याकडे रायगडात आजोबांची एक देशी बंदूक होती, नळी मोडून भरायची, आत स्प्रिंग. वायसर चामड्याचा. फुसफुसायला लागली म्हणून मी नळीच्या तोंडातून शिलाई मशीनचं तेल सोडलं, चांगलं सढळ हाताने. पहिलाच बार असा निघाला की माडावरचे कावळे उडाले. नळीतून निळा धूर. मला वाटलं, व्वा, काय ताकद आली! पाचव्या-सहाव्या बाराला आतली स्प्रिंग मोडली. तेव्हापासून माझं मत पक्कं : हवेच्या बंदुकीत पेट्रोलियमचं तेल घालायचं नाही. सिलिकॉनच.

खटपट्या
वाडीवरचा, तुझा अनुभव खरा, निष्कर्ष अर्धा. स्प्रिंगवाल्या बंदुकीत पिस्टन एका झटक्यात पुढे येतो, हवा क्षणात दाबली जाते आणि काही शे अंश तापते. तिथे पेट्रोलियमची वाफ असली की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, म्हणजे तेलच पेटतं. तो बार हवेचा नव्हता, तेलाचा होता. म्हणून त्या कोठीत सिलिकॉन, तेही थेंबभर. पण सिलिकॉन लोखंडावर लोखंड घासतं तिथे कुचकामी, त्यामुळे स्प्रिंगला आणि बिजागरीला ते लावायचं नाही.

मिलवॉकीकरची बंदूक वेगळ्या जातीची. हिच्यात हवा हाताने, सावकाश, एकेका पंपाने छोट्या कोठीत भरली जाते. हवा गरम होते, पण झटका नसतो. हिला साधं, डिटर्जंट (मळ धुणारी द्रव्यं) नसलेलं पेट्रोलियम तेल चालतं, तेच लागतं. क्रॉसमनचं पेलगनऑइल नावाचं लाल तेल मिळतं ते याच जातीचं. ते नसेल तर हवेच्या कंप्रेसरचं ३० नंबरचं नॉन-डिटर्जंट.

तुझा स्प्रे दोन दिवस का चालला? त्यातल्या पातळ द्रवाने जुना चिकटा सोडवला आणि वायसर ओला केला. मग तो उडून गेला आणि सोडवलेला चिकटा व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसला.

आता खोलायच्या आधी तीन गोष्टी बघ. छर्रा न भरता, नळी सुरक्षित दिशेला.

पंप मारताना जोरच लागत नसेल तर पिस्टनचा वायसर सुकलाय किंवा फाटलाय. पंप मारून हात सोडल्यावर तो आपोआप उघडू लागला तर हवा कोठीतून मागे येतेय, म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह गळतोय. आणि पंप मारून कान दिलास आणि नळीच्या तोंडातून फुस्स ऐकू आलं, तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह.

पहिला रोग घरी बरा होतो. दुसऱ्या-तिसऱ्याला व्हॉल्व्ह बाहेर काढावा लागतो, त्याला खास पाना लागतो आणि संयम लागतो. पाना विकत मिळतो.

अजून एक. आधी बोल्ट ओढून कॉक कर, म्हणजे आतली हातोडी मागे अडकव, मग पंप मार. कॉक केलेली नसेल तर हातोडी व्हॉल्व्हच्या दांडीला टेकून बसते आणि रिकाम्या बंदुकीचा पहिला पंप कधीकधी तसाच निसटतो. निम्मे लोक इथेच "सील गेलं" म्हणून रडतात.

बाकावरचा
निम्मे लोक इथेच रडतात हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, उरलेले निम्मे सासरी.

मी_अनघा
मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण वाचता वाचता आजीचा पितळी स्टोव्ह आठवला. पंप मारला की नुसता फसफस, आणि आजी म्हणायची, "वायसर सुकलाय गं." दांडा बाहेर काढायची, चामड्याची ती इवलीशी वाटी बोटाने कडेने फुलवायची, खोबरेल तेलाचा थेंब सोडायची, परत आत. दोन पंपांत ज्योत निळी! वाटी फारच झिजली तर कोपऱ्यावरचे चपला शिवणारे मामा जुन्या चपलेच्या चामड्यातून नवी कापून द्यायचे, चार आण्यांत.
तुमच्या बंदुकीलाही खोबरेल चालेल का?

खटपट्या
अनघाताई, तत्त्व अगदी तेच. पण खोबरेल नको. ते २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. आजीच्या स्वयंपाकघरात ठीक होतं, मिलवॉकीच्या गॅरेजमध्ये जानेवारीत उणे पंधरा असतं. तिथे बंदुकीत तेलाऐवजी बर्फी तयार होईल.

हापसेवाला
वायसर म्हटल्यावर मला राहवत नाही. नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्यात गेली, मराठवाड्यात. वायसर म्हणजे आमचा रोजचा भात.

आज देशभर दिसणारा इंडिया मार्क टू हापसा ज्या घराण्यातून आला, त्यातले दोन पूर्वज आपल्याकडचे : जालना पंप आणि सोलापूर पंप. जालन्याला मिशनच्या लोकांनी ओतीव लोखंडाच्या कटकटीच्या हापशांना कंटाळून पोलादी हापसा बनवला, सोलापुरात तो सुधारला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू उभा राहिला. त्याच्या सिलिंडरमध्ये सुरुवातीला चामड्याच्या वाट्या असायच्या. नंतर नायट्राइल रबराच्या आल्या आणि आमच्या फेऱ्या कमी झाल्या.

चामड्याचा गुण असा की ओलं असेपर्यंत ते राजा. घासून गुळगुळीत होतं, सिलिंडरच्या भिंतीला हवं तसं बसतं, थोडी ओरखड असली तरी सांभाळून घेतं. सुकलं की मात्र पत्रा. हापसा उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिला की पहिल्या दिवशी वरून पाणी ओतून उठवावा लागायचा, ते याच्यामुळे. रबराचं उलटं. त्याला सुकण्याचं दुःख कमी, पण चुकीचं तेल मिळालं की फुगतं नाहीतर कडक होतं.

म्हणून माझा एकच प्रश्न : तुमच्या पिस्टनवर नेमकं आहे काय? चामडं की रबर? ते कळल्याशिवाय तेलावर भांडणं म्हणजे जात्यात दाणे टाकण्याआधी पिठाचा रंग विचारण्यासारखं.

आणि वाटी बसवताना तोंड दाबाच्या बाजूला. हसू नका, उलटी बसवून दिवसभर हापसणारे महाभाग पाहिलेत.

चिंचपोकळी_टू_पोर्टलंड
हापसेवाले काकांना +१. माझ्याकडे जुनी बेंजामिन आहे, तिला चामड्याचीच वाटी होती. इकडचे जुने लोक चामड्याला नीट्सफूट ऑइल लावतात. चामडं लोण्यासारखं मऊ होतं.

वाडीवरचा
हे नीट्सफूट म्हणजे काय?

चिंचपोकळी_टू_पोर्टलंड
गाईबैलांच्या नडग्यांची आणि पायांची हाडं उकळून काढलेलं तेल.

बाकावरचा
धागा आता कुठे जाईल ते मला स्पष्ट दिसतंय. मी पॉपकॉर्न आणतो.

निलाक्षी
चामड्याच्या वायसरला सोवळं पाळायचं असेल तर अवघड आहे हो, बाकावरचे. मुळात चामडंच कुणाचं आहे?

जुनं_ते_सोनं
वाद नको. आमच्याकडे मोटेच्या चामड्याला, गिरणीच्या पट्ट्याला, बैलगाडीच्या वंगणात पूर्वापार एरंडेल. चामड्याला एरंडेलाइतकं मानवणारं दुसरं वनस्पती तेल नाही. शिवाय एरंडेल रबरालाही सहसा फुगवत नाही.

खटपट्या
एरंडेल चामडं भिजवायला उत्तम, मान्य. नवी वाटी रात्रभर त्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून बसवा. पण रोजचं तेल म्हणून व्हॉल्व्हमध्ये सोडू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलं की घट्ट होऊन चिकटतं. मिलवॉकीकरच्या बंदुकीत आधीच कुणीतरी काहीतरी ओतून ठेवलेलं दिसतंय.

एडिसनचा_अण्णा
कृपया कायद्याचंही बघा. आम्ही न्यू जर्सीवाले दुर्दैवी, आमच्याकडे छऱ्याची बंदूकसुद्धा कायद्याच्या नजरेत बंदूकच. विकत घ्यायला फायरआर्मचं ओळखपत्र लागतं. विस्कॉन्सिनवाले, म्हणजे आपले मिलवॉकीकर, मजेत.

सदाशिव_पेठी
ती भारतात आणता येईल का? सहज विचारतोय. माझा मेहुणा मिलवॉकीलाच असतो.

एडिसनचा_अण्णा
मेव्हण्याला तुरुंगात घालायचंय का? शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याविना जी चालते ती .१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंत. .२० नळी मोठी ठरते, मग ताकद कितीही कमी असो. आणि पक्ष्यांवर झाडली तर वन्यजीव कायदा १९७२ आहेच.

कोल्हापुरी_नेम
विषयांतर, पण कोल्हापूरकर असून गप्प कसा बसू. आमच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे या नेमबाजांमुळे इथल्या गल्लीतलं पोरगंही रेंजची भाषा बोलतं. १० मीटरच्या स्पर्धेच्या एअर रायफलीत पूर्वी एकदाच लिव्हर ओढून हवा भरायची पद्धत होती, आता २०० बारची हवा भरलेला सिलिंडर असतो. त्या सिलिंडरवाल्या बंदुकीला या धाग्यातलं कुठलंच तेल दाखवू नका. इतक्या दाबाखाली पेट्रोलियम तेल धोक्याचं. तिथे सीलला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. कुणी धागा अर्धवट वाचून घरी प्रयोग करायला नको, म्हणून लिहिलं.

खटपट्या
महत्त्वाचं लिहिलंस. धन्यवाद.

शनिवारचा_मेकॅनिक
माझी फजिती सांगतो. माझ्याकडे क्रॉसमन १३७७ पंपाचं पिस्तूल. व्हॉल्व्हची ओ-रिंग गेली. मूळ भाग मागवायला आळस. नळदुरुस्तीच्या पेटीतल्या तशाच मापाच्या काळ्या रिंगा टाकल्या. काय झकास बसल्या! आठ दिवसांनी पंपच हलेना. उघडलं तर रिंग फुगून गाभुळलेल्या चिंचेसारखी झालेली. नंतर अक्कल आली : नळाच्या रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात. पाण्याला, वाफेला उत्तम. पेट्रोलियम तेल दिसलं की फुगतात. नायट्राइल हवी, किंवा पॉलियुरेथेन. दिसायला तिन्ही काळ्या असू शकतात, म्हणून पाकिटावरचं वाचून घ्या. कडकपणाही बघा. ७० ची रिंग लवकर बसते, ९० ची जास्त दाब सोसते.

मिलवॉकीकर
आणि ते गिअरबॉक्सचं लाल तेल? ते कुणीच सोडवलं नाही.

शनिवारचा_मेकॅनिक
त्यात रबर किंचित फुगवणारी द्रव्यं असतात, गिअरबॉक्सची सील मऊ राहावीत म्हणून. त्यामुळे म्हातारं, कडक झालेलं सील त्याने काही दिवस उठून बसतं. लोक ते तेलात थोडं मिसळून वापरतात. माझ्या मते ते औषध आहे, जेवण नाही. नवं सील बसवल्यावर त्याची गरज नाही.

इतिहासाचा_किडा
सगळे इथे आहेतच तर सांगतो. १७८० मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्डोनीची हवेची रायफल घेतली होती. दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरायला सुमारे १५०० पंप! आणि जोडाला चामडी गॅस्केट, ती ओली ठेवावी लागे. पुढे लुईस आणि क्लार्कच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेतही हवेची बंदूक होती. तेव्हा मिलवॉकीकर, आठ पंपांना कुरकुरू नका.

बाकावरचा
पंधराशे पंप मारून झाल्यावर शत्रू म्हातारा झाला असेल.

मिलवॉकीकर
काल अखेर खोलली. पंपाच्या लाकडी हातातली पिन बाहेर येईना. विचार केला, गॅसच्या टॉर्चने जरा शेकवावी?

खटपट्या
थांब!! शेकवू नकोस. या बंदुकीची नळी खालच्या पंपाच्या नळीला सोल्डरने जोडलेली असते. तापली की सोल्डर सुटेल आणि तुझ्या हातात दोन वेगळ्या नळ्या येतील. तेल सोड, रात्रभर ठेव, बरोबर मापाचा पंच घे आणि लाकडावर टेकवून ठोक. शिकंज्यात नळी धरू नकोस.

हापसेवाला
खटपट्यांशी सहमत. आणि पिन कुठल्या बाजूने आली त्याची खूण करून ठेवा. घरातलं लहान मूल आणि सुटी पिन, दोन्ही नजरेआड होऊ देऊ नयेत.

मिलवॉकीकर
तीन दिवसांनी पुढचं.

पिन निघाली. खटपट्याला माझ्याकडून रेसीनचं क्रिंगल. (डॅनिश लोकांनी तिथे आणलेली गोड पाव-पेस्ट्री, पेकान घातलेली. त्याने पत्ता कळवला तर टपालाने पाठवतो.)

पिस्टन बाहेर काढला. काकांच्या प्रश्नाचं उत्तर : वाटी रबराची, काळी. तिच्यामागे फेल्टची चकती, जी तेल धरून ठेवते आणि जाता-येता भिंतीला पुसते. ती पापडासारखी कडक. वाटीच्या कडेला नखाएवढी चीर. आणि सगळ्यावर तपकिरी चिकटा, वासावरून कसलंतरी इंजिन ऑइल, बहुधा त्या आजोबांनी कधीतरी गाडीतलंच घातलेलं. स्पिरिटने नळी पुसली, चार कापडं काळी झाली.

नवी वाटी आणि फेल्ट मागवलं. फेल्टवर पेलगनऑइलचे सहा-सात थेंब, वाटीच्या कडेला बोटाने थोडं. (अनघाताई, वाटी फुलवताना तुमची आजी आठवली.) जोडून पंप मारला. पहिल्यांदाच हाताला जोर लागला! पण हात मिटून सोडला की दोन बोटं आपोआप उघडतो. नळीच्या तोंडातून आवाज नाही. म्हणजे आतला व्हॉल्व्ह गेला ना?

खटपट्या
एवढ्यात नको. पिस्टन मिटल्यावर त्याचं तोंड व्हॉल्व्हला टेकायला हवं. मध्ये जागा उरली की दाबलेली हवा तिथेच कोंडते, व्हॉल्व्हच्या आत जात नाही, आणि तीच पिस्टन मागे ढकलते. नवी वाटी जुनीपेक्षा पातळ असेल. दांड्यावरचा लॉकनट सैल करून पिस्टन थोडा लांब कर, पाव आटा, मग बघ. मिटताना शेवटी हलकं "टक" लागलं पाहिजे, ठेचलं नाही पाहिजे.

मिलवॉकीकर
पाऊण आटा लागला. हात जागेवर.

काल रात्री ३ पंप मारून, छर्रा न भरता, गॅरेजमध्ये ठेवली. आज संध्याकाळी कॉक करून झाडली, नळीसमोरच्या रिकाम्या खोक्यातला पुठ्ठा हवेने हलला. २० तास हवा टिकली. मग ५ पंप आणि १४.३ ग्रेनचा छर्रा. टोमॅटोचा डबा आरपार.

आजोबांच्या मुलीला बोलावलं होतं. तिने लहानपणी हिच्याच मागे उभं राहून पंप मोजले होते म्हणे. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला. डबे तिने पाडले, उचलले मी.

खटपट्या
वा! आता ठेवताना नेहमी एक पंप मारलेला ठेव, व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि आत धूळ जात नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेव की हिच्यात कायम हवा असते. फेल्टला दोन-तीन महिन्यांनी दोन थेंब. आणि ८ च्या वर जाऊ नकोस. हवेचा दाब इतका होतो की हातोडी व्हॉल्व्ह पुरता उघडू शकत नाही, थोडी हवा आतच राहते. जास्त मेहनत, कमी वेग.

वाडीवरचा
माझं "सिलिकॉनच" मागे घेतो. पण आजोबांच्या बंदुकीपुरतं ठेवतो. चामड्याचा नवा वायसर कापून घ्यायचाय. काका, किती जाडीचं चामडं?

हापसेवाला
तुमच्या सिलिंडरच्या मापावर आहे. जुना वायसर सोबत घेऊन जा. चामडं ओलं करून साच्यात दाबून वाटी करायची, सुकू द्यायची, मगच तेलात टाकायची. आधी तेल पाजलंत तर आकार धरणार नाही.

मी_अनघा
या धाग्यामुळे माळ्यावरून आजीचा स्टोव्ह उतरवला. पितळ चिंचेने घासलं, वायसर काल रात्रीपासून एरंडेलात भिजतोय. आता एकच अडचण आहे. रॉकेल कुठे मिळतं?

बाकावरचा
अनघाताई, त्याचा वेगळा धागा काढा. तो दोनशे प्रतिसादांचा होईल.